बिडाच्या तव्यातला कॉर्नब्रेड: ह्यांच्या शुगरसाठी आणि माझ्या वजनासाठी

आमच्या येवल्याकडे मका म्हणजे कोंबड्यांचं खाद्य. पावसाळ्यात शेतंच्या शेतं मक्याने भरलेली असायची, पण घरात यायची ती चार कोवळी कणसं, भाजून मीठ-लिंबू चोळायला. बाकीचा मका पोत्यांत भरून व्यापाऱ्याकडे आणि तिथून पोल्ट्रीला. आईने मक्याची भाकरी थापलेली मला आठवत नाही. मक्याचं पीठ माझ्या पोळपाटापाशी आलं ते थेट अमेरिकेत, टेनेसीत. हे चाकणला फोक्सवॅगनमध्ये होते, कंपनीच्याच चटनूगाच्या कारखान्यात बदली झाली, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाई फॉइलमध्ये गुंडाळलेला गरम कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा ब्रेड, घेऊन दारात उभ्या. वय ऐंशीच्या पुढे, मला आजतागायत ‘हनी’ म्हणतात.

ह्यांना शुगर निघाली त्यानंतर तीन वर्षांनी. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, ८.१. माझं वजन तेव्हा ७४ किलो आणि उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे डॉक्टरांनी दोघांकडेही एकाच नजरेने पाहिलं. मग कॉर्नब्रेड आणि डाएट हे दोन्ही विषय आमच्या घरात बरोबरीनेच आले. म्हणून इथेही बरोबरच लिहिते.

आधी पिठाची भानगड, कारण निम्म्या जणींचा पदार्थ तिथेच फसतो. नाशिकच्या वहिनींनी मला फोन केला, ‘अगं, तुझा ब्रेड रबरासारखा झाला.’ त्यांनी कॉर्नफ्लोअर वापरलं होतं, सुपात आणि मंचुरियनमध्ये घालतो ते पांढरं. ते पीठ नाही, मक्यातलं निव्वळ स्टार्च आहे. शुगरवाल्यांनी तर त्याच्याकडे पाहूही नये. आपल्याला हवं ते कॉर्नमील, म्हणजे अख्ख्या मक्याचं रवाळ दळण, बोटांत घेतलं तर बारीक रव्यासारखं लागणारं. इथे दुकानात पाकिटावर दोन प्रकार दिसतात: अंकुर काढलेलं आणि अख्ख्या दाण्याचं. अख्ख्या दाण्याचं, जात्यावर दळलेलं घ्या. त्यात कोंडा आणि अंकुर दोन्ही राहतात, म्हणजे फायबर थोडं जास्त आणि चव पुष्कळ जास्त. अंकुरात तेल असतं, त्यामुळे हे पीठ लवकर खवट होतं. माझं पाकीट फ्रीझरमध्येच असतं. ‘सेल्फ रायझिंग’ लिहिलेलं उचलू नका, त्यात मीठ आणि बेकिंग पावडर आधीच घातलेली असते. महाराष्ट्रात असाल तर मक्याचं पीठ आणि मक्याचा रवा निम्मे-निम्मे घ्या. नुसत्या बारीक पिठाचा ब्रेड गच्च बसतो.

साखर घालायचीच नाही. यात माझा मोठेपणा काही नाही, इथल्या दक्षिणेतल्या म्हाताऱ्या बायका मुळातच घालत नाहीत. उत्तरेकडच्या कॉर्नब्रेडमध्ये मैदा आणि साखर असते, दक्षिणेकडचा तिखटामिठाचा. शेजारच्या बाईंना एकदा विचारलं, थोडी साखर चालेल का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, मग तो केक झाला, हनी. या डोंगरांत मूळचे चेरोकी लोक मका पिकवायचे. १८३८ साली त्यांना इथून हाकलून दिलं, मका तेवढा मागे राहिला. बाईंना हे सगळं पाठ आहे, आणि ब्रेड करताना त्या ते दर वेळी सांगतात.

तयार मिक्सची गोष्ट मात्र मी शिकले ती अंगाशी आल्यावर. ह्यांच्या ऑफिसच्या पॉटलकसाठी, म्हणजे ज्याने त्याने एक पदार्थ करून आणायच्या जेवणासाठी, खोक्यातल्या मिक्सचे मफिन केले होते. उरलेले दोन ह्यांनी चहाबरोबर खाल्ले आणि दोन तासांनी मशीनवर आकडा आला २३१. तेव्हा खोकं कचऱ्यातून काढून वाचलं. साखर होती, मैदा होता, मका होता, आणि ते वाचायला मला मफिन संपल्यावर सुचलं.

आता माझं प्रमाण. आठ इंची तव्याला आठ तुकडे होतात.

अख्ख्या मक्याचं कॉर्नमील १२० ग्रॅम (साधारण एक कप)
बदामाचं पीठ ७५ ग्रॅम (पाऊण कप)
दाट ताक एक कप, २४० मिलिलिटर
अंडी दोन
वितळलेलं लोणी दोन टेबलस्पून
तव्यासाठी तूप एक टेबलस्पून
बेकिंग पावडर एक टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाऊण टीस्पून
हिरव्या मिरच्या दोन, बारीक चिरून. जिरं चिमूटभर, माझ्या जिभेसाठी. बाईंना मान्य नाही.

वजनकाटा घ्या, ही एकच गोष्ट मी हट्टाने सांगते. कप दाबून भरला तर दीडशे ग्रॅम पीठ सहज बसतं, आणि मग पुढचा सगळा हिशेब खोटा.

हिशेब असा. १२० ग्रॅम कॉर्नमीलमध्ये ९२ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, बदामाच्या पिठात १५, ताकात १२, अंड्यांत नावापुरती. एकूण १२०. आठ तुकडे केले की तुकड्याला १५ ग्रॅम. इथल्या आहारतज्ज्ञ बाई कर्बोदकं १५-१५ ग्रॅमच्या मापात मोजायला शिकवतात, त्यामुळे एक तुकडा म्हणजे बरोबर एक माप. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ही मापं दोनाहून थोडी जास्त होतात. आणि एक कप कॉर्नमील, एक कप मैदा, अर्धा कप साखर अशा नेहमीच्या गोड कॉर्नब्रेडचे आठ तुकडे केले तर एकेका तुकड्यात ३५-४० ग्रॅम जातात.

कृतीत पहिलं काम ताकाचं. आपलं जेवणानंतरचं पातळ ताक चालत नाही. तीन भाग दही आणि एक भाग पाणी घुसळा, पळीवरून जाड धारेने पडेल असं. त्यात कॉर्नमील भिजवून वीस मिनिटं ठेवा. हे बाईंच्या पद्धतीत नाही, मी रवा भिजवायच्या सवयीने केलं आणि ब्रेडची कचकच गेली.

तेवढ्यात ओव्हन ४२५ फॅरनहाइटला लावा, म्हणजे २२० सेल्सिअस, आणि रिकामा तवा आतच ठेवा. तवा बिडाचा. इथे त्याला स्किलेट म्हणतात. हे तवे ओतणारी लॉज कंपनी १८९६ पासून साउथ पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावात आहे, आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे दर एप्रिलमध्ये कॉर्नब्रेडची जत्रा भरते. गावची जत्रा म्हणजे गावची जत्रा, पाळणे असतात, गर्दी असते, फक्त रेवड्यांच्या जागी कॉर्नब्रेड. मी माझा तवा तिथल्याच दुकानातून आणला. घरी आईचा बिडाचा डोशाचा तवा असेल आणि त्याला दोन इंच काठ असेल तर तोही चालेल. लाकडी मुठीचा ओव्हनमध्ये घालू नका म्हणजे झालं.

तवा पंधरा-वीस मिनिटं तापला की बदामाचं पीठ, मीठ, बेकिंग पावडर, मिरची, जिरं कोरडंच मिसळून भिजलेल्या मिश्रणात घाला. अंडी फेटून घाला, लोणी घाला. इडलीच्या पिठाइतकं सरसरीत हवं. घट्ट वाटलं तर दोन चमचे ताक. सोडा सगळ्यात शेवटी, तवा बाहेर काढायच्या अर्धा मिनिट आधी. ताक आणि सोडा भेटले की फेस लगेच सुरू होतो. तेव्हाच फोन वाजला तर वाजू द्या.

तवा काढा. मूठ तापलेली असते, हे कळूनही मी दोनदा हात भाजून घेतलाय. आता मुठीवर फडकं टाकूनच ठेवते. तूप घाला, तवा फिरवून काठांना लावा आणि लगेच पीठ ओता. चर्र असा फोडणीचा आवाज आलाच पाहिजे. काठाला पीठ ताबडतोब बुडबुडायला लागतं, आप्प्यांसारखी कड धरते. आवाज आला नाही तर तवा पुरेसा तापला नव्हता. ब्रेड होईल, पण ती खालची खरपूस पापडी मिळणार नाही, आणि बाईंच्या मते ब्रेड त्या पापडीसाठीच खायचा असतो. ओव्हन आता ४०० वर आणा, कारण बदामाचं पीठ मैद्यापेक्षा लवकर लाल होतं. वीस ते चोवीस मिनिटं. कड तव्यापासून सुटलेली दिसली, मधोमध बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला नाही आणि टूथपिक कोरडी निघाली की झाला. दहा मिनिटं तव्यातच निवू द्या, मग कापा. गरम कापलात तर भुगा होतो, मैद्याचा चिकटपणा यात नाही.

पहिल्याच दिवशी आठ तुकडे करून सहा फ्रीझरमध्ये टाकते. टेबलावर अख्खा ब्रेड ठेवला तर हे ‘कड सरळ करतो’ म्हणत सुरी फिरवतात.

बदामाचं पीठ पुण्या-मुंबईत महाग पडतं, ठाऊक आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट तेवढंच घ्या, छान होतो, कर्बोदकंही वाढत नाहीत. कूट फार वेळ फिरवू नका, तेल सुटतं. बेसन ६० ग्रॅम घातलं तर तुकड्याला १७-१८ ग्रॅम पडतात आणि चव हांडव्याकडे झुकते. ह्यांना तीच जास्त आवडते. अंडं चालत नसेल तर दोन टेबलस्पून जवसाची पूड सहा टेबलस्पून पाण्यात भिजवून घाला. ब्रेड पसरट होतो आणि तुकडे सांडतात, तरी खाण्यासारखा होतो. ओव्हनच नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर झाकून पंचवीस मिनिटं, मग उलटून पाच. साखरेऐवजी गूळ घालू का, मध घालू का, खजूर घालू का, हे मला दर वेळी विचारतात. शुगरच्या मशीनला या तिघांतला आणि साखरेतला फरक फारसा कळत नाही.

मका काही साधू नाही, पीठ ते पीठच. म्हणून तुकडा कशाबरोबर खाता याला महत्त्व आहे. इथली रीत पिंटो बीन्स आणि शिजवलेल्या पालेभाजीबरोबर खायची. मी राजम्यासारखी बीन्सची उसळ आणि लसूण घालून मोहरीचा पाला करते. रविवारी झुणका. आधी भाजी आणि उसळ, शेवटी ब्रेड, या क्रमाने खाल्लं तर ह्यांचा दोन तासांनंतरचा आकडा कमी येतो. एक तुकडा आणि अर्धी वाटी उसळ, जेवणाआधी ११२ तर नंतर १४८. दोन तुकड्यांना १७१. हे ह्यांचे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा जेवणाआधी आणि दोन तासांनी मोजाच.

आता वजन. माझ्या एका तुकड्यात साधारण १८० कॅलरी आहेत, बदाम आणि लोण्यामुळे. शुगरला चांगला म्हणजे वजनाला चांगला, या समजुतीत मी पहिल्या दोन महिन्यांत रोज तीन तुकडे खाल्ले आणि दीड किलो वाढले. ह्यांची शुगर उतरत होती, माझा काटा चढत होता, एकाच तव्यातून. तेव्हापासून मी डाएटांच्या मागे लागले.

सुरुवात केटोपासून. दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकं, बाकी तूप, पनीर, अंडी. सहा आठवड्यांत चार किलो उतरले, पहिल्या आठवड्यातले बरेचसे पाण्याचे. पण वरण बंद, उसळ बंद, एक कॉर्नब्रेडचा तुकडा म्हणजे दिवसाच्या वाट्याचा मोठा घास. गणपतीत मोदकांपुढे मी हरले आणि पुढच्या दोन महिन्यांत तीन किलो परत आले. शुगरवाल्यांनी हे परस्पर करू नये. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘फ्लोझिन’ आहे त्यांना केटोवर रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो, आणि तो शुगर फार वाढलेली नसतानाही होतो.

मग दोन वेळा जेवण. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ते, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेलं: कडकडून भूक लागते त्या दोनच वेळा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, मध्ये काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. पैसे लागत नाहीत, मोजदाद नाही, आणि सांगणारा आपल्या भाषेत सांगतो. माझा चहा-बिस्किटांचा नाद यानेच सुटला, हे मी मान्य करते. पण त्या ५५ मिनिटांत मी काय आणि किती खायचे ते मात्र माझ्या हातात होतं, आणि माझा हात सैल. आमच्या नणंदबाई आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूच्या: थोडं थोडं, दोन-दोन तासांनी, घरचं, तूप लावून. काही वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दीक्षित की दिवेकर यावरून निवडणुकीसारखे दोन तट पडले होते. दोन्ही तटांत बारीक झालेले लोक होते आणि दोन्हींत न झालेलेही.

ह्यांच्यावर मात्र मी उपाशी राहण्याचा प्रयोग करत नाही, त्याला कारण आषाढी एकादशी. ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे सकाळी घेतली आणि उपवास म्हणून नाश्ता नाही. साडेअकराला ह्यांना दरदरून घाम, हात कापायला लागले. मशीनवर ५८. अर्धा कप संत्र्याचा रस दिला, म्हणजे साखरेचं तेच १५ ग्रॅमचं माप, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तर ७९. चूक आमचीच होती. गोळी तीच ठेवून जेवण कमी केलं तर असं होतं, इन्सुलिन घेणाऱ्यांचं तर आणखी लवकर. कुठलंही डाएट सुरू करण्याआधी गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

एवढं झाल्यावर मी लेकीला अभ्यास शोधायला बसवलं. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एकात स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्यात कर्बोदकं कमी. २०१८ साली निकाल आला: सरासरी ५.३ किलो आणि ६ किलो. फरक नगण्य. पण एकाच गटात कुणाचे पंचवीस-तीस किलो उतरले आणि कुणाचं उलट वाढलं. त्यांच्याच २०२२ च्या छोट्या अभ्यासात शुगरच्या आणि शुगरच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी बारा आठवडे केटो आणि बारा आठवडे भूमध्य समुद्राकाठचा आहार घेतला, म्हणजे भाज्या, कडधान्यं, फळं, मासे, ऑलिव्ह तेल. एचबीएवनसी दोन्हींवर सारखाच सुधारला, आणि केटो पाळणं लोकांना जास्त जड गेलं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाने तर मधुमेह परतवून दाखवला: तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींचे फक्त शेक आणि सूप, मग हळूहळू जेवण. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होते. ज्यांचे १५ किलो किंवा जास्त उतरले, त्यांच्यात ८६ टक्के. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. शेकचे डबे मागवून घरी करायची गोष्ट नाही. हे वाचून ह्यांनी दोन दिवस माझ्याकडे संशयाने पाहिलं.

शेवटी आम्ही दोघं ताटावर आलो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची साधी पद्धत: नऊ इंची ताट, अर्ध्यात स्टार्च नसलेल्या भाज्या, पाव भागात प्रथिनं, पाव भागात पीठ-भात. त्या पाव भागात ह्यांना दोन मापं, मला एक. आमच्या स्टीलच्या ताटांचा व्यास मी टेपने मोजला, बारा इंच निघाला. नऊ इंची ताटं इंडियन स्टोअरमध्ये मिळाली नाहीत, म्हणून मुलांच्या जुन्या काचेच्या प्लेटा काढल्या, एकीवर अजून मिकी माउस आहे. चौदा महिन्यांत माझे सहा किलो उतरले, ह्यांचे आठ, एचबीएवनसी ६.७, आणि ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली.

काल बाईंना माझा ब्रेड दिला. कड मोडून खाल्ली, थोडा वेळ चावला, आणि म्हणाल्या, पापडी बरी जमलीय, हनी, पण हे जिरं कशाला?